बिरूतात्यांची एक्केचाळीस माणसं

बिरूतात्यांनी माझं पहिलं पत्रक बोरं बांधायला वापरलं. दुसरंही. तिसऱ्या वेळी मी गठ्ठ्याऐवजी त्यांच्या हातात एकच प्रत ठेवली, तर ते म्हणाले, "एवढ्यानं काय व्हतंय पोरी? माझी गिऱ्हाइकं चाळीसच्या वर हायत."

आमच्या घरी पत्रकाला पोथीचा मान होता. वडील छापखान्यातून गठ्ठे आणायचे आणि आम्ही भावंडं रात्रीच्या जेवणाआधी घड्या घालायचो. दलाल, अडत, शोषण हे शब्द मला कमळ आणि गवताच्या आधी वाचता येत होते. त्यामुळं माझ्या वाक्यांवरून बोरांचा रस ओघळताना पाहून मला राग आला. मी म्हटलं, "तात्या, हे वाचायचं असतं."

"वाचलं की," तात्या म्हणाले. "चांगलं हाय. पर 'शोषण' सात येळा लिवलंयस. एकदा लिवून भागलं असतं. खाली जागा उरली असती, तितं भाजीचा भाव टाकला असता, म्हंजी मानसांनी घरी न्हेऊन भिंतीला लावलं असतं."

घरी जाऊन मी मोजलं. आठ वेळा होतं. तात्यांची मोजणी चुकलेली मी पाहिली, ती ही एवढीच.

हा बाजार आम्हीच सुरू केला होता. बारामती आणि इंदापुरातली आम्ही दहा-बारा पोरं-पोरी. काही शेतकऱ्यांची, काही माझ्यासारखी चळवळीच्या घरातली. डिसेंबर लागल्यापासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी बारामतीत एका मोकळ्या मैदानावर शेतकऱ्यांनी यायचं आणि आपला माल थेट विकायचा. मध्ये कुणी नको. भोगीच्या आदल्या दिवशी शेवटचा आणि सगळ्यात मोठा बाजार. थंडीच्या या दिवसांत आमच्याकडं शेतात काय नसतं? गाजर, घेवडा, पावटा, वांगी, हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या, हुरड्याची कणसं. आणि याच दिवसांत पुण्या-मुंबईला गेलेली पोरं सुट्टीला घरी येतात. म्हणजे माल इथं, खाणारी तोंडं इथं, आणि तरी मधला माणूस दोघांच्या खिशात हात घालून उभा. हे आम्हाला मोडायचं होतं. अजूनही मोडायचं आहे.

बिरूतात्या वरकुट्याहून यायचे, टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून. डोक्याला तांबडा पटका, हातात काठी, खांद्यावर काळी घोंगडी, आणि अंगात नातवाचं शाळेचं निळं जर्किन. त्याच्या छातीवर शाळेचा बिल्ला होता. बाह्या कोपराच्या जरा खाली संपायच्या. आम्ही सगळ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या. तात्यांनी आपली खुर्ची वांग्यांना दिली आणि स्वतः घोंगडीवर बसले.

त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, थंडी कोकणात काढायची आणि पावसाच्या आत परत यायचं. तात्या पन्नाशीपर्यंत चालले. मग पोरांच्या शाळा आल्या, रानात कालव्याचं पाणी आलं, मेंढरं पुतण्याकडं गेली आणि तात्यांच्या वाट्याला तीस गुंठे भाजीचं रान आलं. ते म्हणायचे, "ज्या महिन्यात माझा बाप घाट उतरायचा, त्या महिन्यात मी हितं मांडी घालून बसतोय. नांगर धराया एका वर्सात शिकलो. बसायला शिकायला चार वर्सं गेली."

बसायला शिकले, पण मेंढपाळाची एक सवय सुटली नाही. तात्या माणसं मोजायचे.

कळप वाटेवरून जाताना मेंढपाळ बाजूला उभा राहतो आणि शंभर-दीडशे मेंढरं डोळ्यांखालून घालतो. बोट उचलत नाही. ओठ तेवढे हलतात. शेवटचं मेंढरू गेलं की त्याला कळतं, पुरी आहेत की एक कमी. आणि एक कमी असेल तर कुठलं, तेही कळतं. तात्या बाजारात तेच करायचे. त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं एक्केचाळीस. नाव एकाचंही ठाऊक नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नावाचं काय घिऊन बसलीस? बाईचं नाव लगीन झालं की बदलतंय. तोंड बदलत न्हाय."

पण त्यांनी दिलेली नावं होती. एक बँकेतले अधिकारी यायचे, गाडी चालू ठेवून, ते 'घाईचा'. एक बाई दोन पिशव्या आणायच्या आणि एकच भरायच्या. त्या 'रिकाम्या पिशवीची'. एक तरुण सारखा दोन फोनवर बोलायचा. तो 'दोन कानाचा'. मला ते 'भाषण' म्हणायचे. मैदानात शिरले की लांबून आवाज यायचा, "आलं का भाषण? च्या द्या त्याला."

मोजणी चालू असताना मात्र तात्यांशी बोलायचं नसे. कुणी भाव विचारला तर ते त्याच्याकडं न बघता काठी आडवी उचलायचे. थांब. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा मारतोय की काय. मोजणी संपली की काठी खाली यायची आणि तात्या गोड आवाजात विचारायचे, "काय म्हनत व्हता, साहेब?"

या मोजणीला मी आधी हसले. मग नाताळच्या रविवारी गर्दी उसळली. पोरांना घेऊन आलेली कुटुंबं, हुरड्याच्या शेगडीभोवती रेटारेटी. तात्या अचानक उठले, गर्दीतून गेले आणि एका जोडप्यापुढं काठी आडवी धरून उभे राहिले. "ही पोरगी तुमच्यातली न्हाय," ते म्हणाले. जोडप्यानं मागं वळून पाहिलं. त्यांच्या दोन पोरांच्या मागं चार वर्षांची एक तिसरीच मुलगी चालत होती, पुढच्या बाईच्या साडीचा पदर धरून. पदराचा रंग आईच्या पदरासारखा होता, एवढंच. तिच्या आईला अजून पत्ताही नव्हता. ती कणसांची घासाघीस करत होती. तात्यांनी मुलीला उचलून आईच्या पायाशी ठेवलं. आई रडायला लागली तेव्हा म्हणाले, "रडू नगा. चुकीच्या कळपामागं ग्येली, पर रांगेत चालत व्हती. शानी हाय."

तात्यांची विकायची पद्धतही तशीच. किलोचा काटा त्यांनी ठेवला होता, कारण तो आमचा नियम होता, पण त्यावर बहुतेक वेळा त्यांची चुन्याची डबी असायची. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "खानारी तोंडं किती?" दोन म्हटलं की दोन मुठी, सहा म्हटलं की सहा. घेवडा दोन मुठी, पावटा दोन मुठी, गाजर, वांगी, हरभरा, वर चार बोरं. या ढिगाला आमच्याकडं वाटा म्हणतात. नाताळ लागला की तात्या गिऱ्हाइकांच्या पिशव्यांकडं बघायचे. 'रिकाम्या पिशवीची' ती बाई दुसरी पिशवीही उघडून धरायला लागली, तेव्हा तिनं काही सांगायच्या आधीच तात्यांनी दोन मुठी वाढवल्या. "ल्योक-सून आलीत जनू." बाईंचं तोंड असं फुललं की मी पत्रक द्यायचं विसरले.

आणि इथंच माझी आणि तात्यांची गाठ पडली. खरी गाठ.

आमच्या बाजाराचा पहिला नियम मी लिहिला होता. 'जो पिकवेल, तोच विकेल. दुसऱ्याचा माल आपल्या जागेवर ठेवणाऱ्याची जागा रद्द होईल.' मला तो फार आवडायचा. त्यात पळवाट नव्हती. व्यापारी शेतकऱ्याचा पटका बांधून येऊन बसतात, हे मी पुष्कळ बाजारांत पाहिलं होतं. नाताळानंतरच्या रविवारी मी वही घेऊन तपासणीला निघाले आणि तात्यांसमोर उभी राहिले.

"तात्या, गाजर तुमचं?"

"न्हाय गं. लासुर्ण्याच्या भिकूआबाचं. काय गोड हाय बग, खाऊन बग." त्यांनी एक गाजर माझ्या हातात दिलं.

"वांगी?"

"भाच्याची. काटेरी हायत, पर कवळी. पावटा म्हातारीनं परड्यात लावलाय, तिला सांग चांगला हाय म्हनून, तिला बरं वाटंल. हरभरा त्या शांताक्काचा, भिगवनच्या अंगाला तिचं रान हाय. घेवडा तेवढा माझा."

"आणि बोरं?"

"बोरं देवाची. बांधावरची हायत."

त्यांना वाटलं, मी कौतुकानं विचारतेय. मी गुन्हे टिपून घेत होते. म्हातारीचा पावटा आणि देवाची बोरं तात्यांच्याच खात्यावर सोडली, तरी तीन उरत होते. गाजर तेवढं खाल्लं. खरंच गोड होतं.

संध्याकाळी आम्हा पोरा-पोरींच्या समितीची बैठक झाली. मी ठाम होते. एका म्हाताऱ्याला सूट दिली की उद्या अडत्या येऊन म्हणेल, मलाही द्या. ठरलं की तात्यांना एक संधी द्यायची. भोगीच्या बाजाराला फक्त स्वतःचा माल आणायचा. दुसऱ्याची एक शेंग दिसली तरी जागा गेली, पुढच्या वर्षीही मिळणार नाही. निरोप सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण नियम माझा होता.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भोगीला मी समद्यांस्नी सांगून बसलोय. एक्केचाळीस घरं हायत. या म्हनलंय, समदं देतो म्हनलंय."

"तात्या, नियम सगळ्यांना सारखा."

"व्हय. नियम हाय तर हाय." त्यांनी काटा पुसायला घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मी घेवडाच आनतो. पर पोरी, नुसत्या घेवड्याची भोगी कुनाची व्हती गं?"

मी म्हटलं, "लोक फिरून घेतील."

भोगीच्या आदल्या दिवशी बाजार भरला. सगळ्यांनी नियम पाळला होता. तात्यांचं उदाहरण ऐकून सगळेच घाबरले होते. या वेळी स्वतःच जागा घेऊन बसलेल्या भिकूआबांपुढं गाजराचा डोंगर, शांताक्कापुढं हरभऱ्याच्या जुड्या, पलीकडं कुणाचा पावटा, कुणाची वांगी. तात्यांपुढं घेवडा. एकेका जागेवर एकेक रंग. दिसायला फार सुंदर दिसत होतं. मी फोटो काढले.

तासाभरात घोळ कळला. भोगीच्या भाजीला सगळं लागतं, पण मूठमूठ लागतं. मूठभर गाजरासाठी एक रांग, मूठभर पावट्यासाठी दुसरी. मूठभर द्यायला विकणाऱ्यांना परवडेना, अर्धा किलोच्या खाली काटा उचलेना. घाईचे साहेब तीन रांगांत उभे राहून माझ्याकडं आले. त्यांच्या हातात गाजराची पिशवी होती. "ताई, भोगीची भाजी करायची आहे. एवढ्या गाजराचा हलवा करू का?" आणि ते गाडीत बसून मंडईकडं गेले. मंडईत व्यापाऱ्यांनी सगळ्या भाज्यांचे तयार वाटे लावून ठेवले होते, दुप्पट भावानं. साहेबांमागून आणखी माणसं निघाली. मी फाटकाजवळ उभी होते आणि माझ्या हातातल्या पत्रकावर लिहिलं होतं, दलालाला हटवा. माणसं माझ्या हातातून पत्रक घेऊन दलालाकडं चालली होती.

तात्या घोंगडीवर बसून फाटकाकडं बघत होते. ओठ हलत होते. मी जवळ गेले. काठी आडवी झाली. मी थांबले.

"नऊ," तात्या काठी खाली करत म्हणाले. "माझी नऊ जनं रिकामी ग्येली." आवाजात राग नव्हता. माझ्याकडं बोट नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

मग ते उठले. अंगाखालची घोंगडी झटकली, मैदानाच्या बरोबर मधोमध जाऊन पसरली आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की हुरड्याच्या शेगडीपाशी झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. सगळे वळून बघायला लागले. तात्यांनी आपल्या घेवड्याची पाटी घोंगडीवर पालथी केली.

"भिकूआबा," ते ओरडले, "गाजर आना."

"कशापायी?" भिकूआबा बसूनच.

"कोकनात मुक्कामाला आसताना भोगी आली की कुनाकडं पावटा आसायचा, कुनाकडं वांगी. माझा आजा घोंगडी टाकायचा. ज्याच्याकडं जे आसंल ते त्यानं वर टाकायचं, मग तोंडं बगून उचलायचं. घोंगडीवर पडलं की ते कुनाचंच न्हाय. आना."

भिकूआबा माझ्याकडं बघायला लागले. मग शांताक्का बघायला लागली. मग समितीतली पोरं. मैदानात पहिल्यांदाच सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

"तात्या, नियम आहे," मी म्हटलं.

"कुठं मोडलाय? दुसऱ्याचा माल माझ्या जागेवर ठिवायचा न्हाय, असं लिवलंयस. माझी जागा तितं हाय, खुर्चीपाशी. बग, मोकळी हाय. ही जागा कुनाच्या नावावर हाय, तुमच्या नकाशात?"

नव्हती कुणाच्याच. ती येण्याजाण्याची वाट होती. ही पळवाट आहे, हे मला कळत होतं. पण मी फाटकाकडं पाहिलं. दोन कानाचा दोन्ही फोन खिशात घालून बाहेर निघाला होता, आणि तो मंडईकडंच जाणार होता.

शांताक्कानं हरभऱ्याच्या चार जुड्या उचलल्या, माझ्या जवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "बाय, भाषान करायचं आसंल तर कर. न्हायतर खाली बसून वांगी निवड. किडकी बाजूला काड."

मी खाली बसले आणि वांगी निवडली.

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. गाजर आलं, पावटा आला, वांगी आली. भिकूआबा सगळ्यांत शेवटी आले, पण सगळ्यांत मोठी पाटी त्यांनीच ओतली आणि वर कुरकुरले, "आता माझं गाजर वळखू तरी येतंय का?" तात्या म्हणाले, "खाल्ल्यावर वळखू येतंय." काळ्या घोंगडीवर केशरी, हिरवा, जांभळा असा ढीग झाला आणि भोवती माणसांचं कडं पडलं. तात्या मध्ये उभे. "खानारी तोंडं किती? पाच? घे पाच मुठी." एकच भाव. आलेले पैसे एका डब्यात, संध्याकाळी सगळ्या पाट्यांना सारखे. भिकूआबा त्यावरही कुरकुरले, पण डब्यावर राखण करायला तेच बसले.

मला बसू दिलं नाही. "ग्येलेली आता धा झाली, समदी आन," तात्यांनी हुकूम सोडला. "घाईचा मंडईच्या कोपऱ्यावर गाडी लावतोय. दोन कानाचा आत्ताच ग्येलाय, गावायचा. रिकाम्या पिशवीची चालत जाती, ती अजून लांब ग्येली नसंल." मी स्कूटर काढली. घाईचे साहेब मंडईत व्यापाऱ्याच्या वाट्याला हात घालत होते. मी म्हटलं, "चला, तात्यांनी बोलावलंय." साहेबांनी हात मागं घेतला, एखाद्या पोरानं काढावा तसा. दहाच्या दहा परत आले. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्या पत्रकानं माणसाला दलालाच्या दारातून असं मागं फिरवलं नव्हतं.

एक अडचण आली. वाटे बांधायला कागद संपला. माझ्या पिशवीत बाजाराच्या नियमांचा अख्खा गठ्ठा होता, जाड कागदावर छापलेला. मी तो फोडून घोंगडीजवळ ठेवला. तात्यांनी एक पान बोटांनी चाचपलं. "ह्यो कागद झ्याक हाय," ते म्हणाले आणि त्यात पुढचा वाटा बांधायला लागले.

ऊन उतरलं तेव्हा घोंगडीवर एकच ढिगारा उरला होता. तात्यांनी तो वेगळा काढून ठेवला होता. कुणी मागितला तर काठी आडवी.

"चाळीस झाली," ते म्हणाले. "एक न्हाय आली. चष्म्याची."

चष्म्याची म्हणजे निवृत्त शिक्षिका सुमनबाई. एकट्या राहायच्या, एक मूठ न्यायच्या, आणि तात्यांच्या शेजारच्या भावाच्या फळ्यावरचं शुद्धलेखन खडूनं दुरुस्त करून जायच्या. तात्यांना त्यांचं घर ठाऊक नव्हतं, पण कुठल्या गल्लीतून येतात ते ठाऊक होतं. आजारी असतील, पडल्या असतील, असं माझ्या मनात यायला लागलं. तात्या माझ्या स्कूटरवर मागं बसले, काठी आडवी धरून. त्यामुळं बारामतीच्या रस्त्यावर आम्हाला दोन्ही बाजूंनी भरपूर जागा मिळाली.

बाईंनीच दार उघडलं. ठणठणीत होत्या. तात्यांना बघितलं आणि त्यांनी दार निम्मं लोटून घेतलं.

"बरं हाय नव्हं, बाई?" तात्या म्हणाले.

"बरी आहे हो. आज जरा जमलं नाही यायला."

पण तात्यांची नजर मेंढपाळाची. दाराच्या फटीतून त्यांना टेबलावरचा खोका दिसला होता. छापील, चकचकीत. आत छोट्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भोगीची भाजी, प्रत्येक पिशवीवर नाव. बाईंचा चेहरा चोरी करताना पकडलेल्या विद्यार्थ्यासारखा झाला. "नातवानं पाठवलंय पुण्याहून," त्या म्हणाल्या. "फोनवरून. आजी, तू गर्दीत जाऊ नकोस म्हणाला. आता नको कसं म्हणू? मला तुमच्यासमोर यायला लाज वाटली."

तात्या आत गेले. एक पिशवी उचलून उजेडात धरली. मी मनातल्या मनात पुढचं पत्रक लिहायला लागले होते, त्या खोक्यावर आणि तो विकणाऱ्यांवर.

"घेवडा परवाचा हाय," तात्या म्हणाले. मग दुसरी पिशवी. "गाजर बर्फात ठिवलेलं." मग त्यांनी सगळ्या पिशव्या एकेक करून फोडल्या, टेबलावर ओतल्या आणि त्यावर आपला वाटा पालथा केला. दोन्ही हातांनी कालवलं. "पर नातवानं धाडलंय, ते टाकायचं न्हाय. दोनी एकात करा. त्याला सांगा, झ्याक झाली व्हती भाजी."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि पुडीचा रिकामा कागद उचलून, जुन्या सवयीनं, मोठ्यानं वाचला. "जो पिकवेल, तोच विकेल. दुसऱ्याचा माल..." त्या थांबल्या. "हे कुणी लिहिलंय?"

"ही बगा की," तात्या म्हणाले. "हितं हुबी हाय."

मी चपलांकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "व्याकरण चांगलं आहे." तात्या परतीच्या वाटेभर हसत होते, स्कूटर हलत होती.

समितीनं तात्यांची जागा रद्द केली नाही. पहिला नियम तसाच आहे, मी तो बदलू दिला नाही, कारण अडते अजून पटका बांधून येतात. पण आता नकाशात मैदानाच्या मधोमध एक चौकोन आहे. त्यावर कुणाचंच नाव नाही.

तात्या मला शेवटचे दिसले ते या दिवाळीनंतर. बारामतीबाहेर, कालव्याच्या पुलाजवळ. मी स्कूटरवरून येत होते आणि रस्ता मेंढरांनी भरला होता. पुतण्याचा कळप घाटाकडं निघाला होता. पुलाच्या कठड्याला टेकून तात्या उभे होते, तेच निळं जर्किन, तोच बिल्ला, ओठ हलत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं. काठी आडवी झाली. मी स्कूटर बंद केली. धूळ, घंटांचे आवाज, मागून एका घोडीवर बांधलेला संसार. शेवटचं कोकरू गेलं.

"पुरी हायत," तात्या म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "आलं का भाषण?"

"तात्या, तुम्ही कुठं निघालात?"

"कोकनात. घाट टेंपोत बसून उतरनार, डाक्टरनं तेवढं वदवून घ्येतलंय. बाकी चालायचं. बसून लई झालं." मग आठवल्यासारखं म्हणाले, "औंदा भोगीला मी न्हाय. सून यील घेवडा घिऊन. घोंगडी दिलीय तिच्याकडं. ती वाटं करंल, पर तिला मानसं ठावं न्हाईत. तू मोज."

"मी?"

"एक्केचाळीस हायत."

"तात्या, मला तोंडं लक्षात राहत नाहीत."

तात्यांनी माझ्याकडं खरोखरच्या नवलानं पाहिलं. "एवढी कागदं वाटलीस की गं. कुनाच्या हातात दिलीस, ते बगितलं न्हाईस?"

कळप पुढं जात होता. तात्या निघाले. थोडे लंगडत, पण त्या दिवसांत बाजारातून टेम्पोपर्यंत चालायचे त्यापेक्षा झपाझप. मला एक विचारायचं होतं. रिकाम्या पिशवीची सुनेला घेऊन आली तर ती एक धरायची की दोन? मी दोन पावलं पुढं झाले. तात्यांनी मागं न बघता काठी आडवी उचलली. वळणावर कळप पुन्हा एका रांगेत आला होता आणि ते पुन्हा मोजत होते.

मी तिथंच उभी राहिले. काठी वळणाआड जाईपर्यंत माझेही ओठ हलत होते. घाईचा. रिकाम्या पिशवीची. दोन कानाचा. चष्म्याची.

पाचव्याला अडकले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भोगीला अजून दोन महिने होते.